सिंगल बेल बंद

आधार बिऱ्हाडे यांनी एसटीच्या जळगाव डेपोत ड्रायव्हर म्हणून उभी नोकरी काढली आणि त्यांच्या हातून एकही अपघात झाला नाही, ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिला चहा संपायच्या आत सांगत. एकही भांडण झालं नाही, असं मात्र त्यांना म्हणता येत नसे. धरणगाव-अमळनेरवरून धुळ्याला जाणाऱ्या गाडीवर त्यांनी जितकी माणसं नेली, तितक्यांशीच निदान शाब्दिक ओळख वाढवली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याशी, मध्येच हात करणाऱ्याशी, खिडकीतून थुंकणाऱ्याशी, आणि कुणीच सापडलं नाही तर गिअरच्या दांड्याशी. थांबा नसेल तिथं गाडी थांबवायची नाही, हे त्यांचं तत्त्व. सासरे हात करून उभे होते तरी थांबवली नव्हती, हे लिलाबाई अजून विसरलेल्या नाहीत.

या माणसाला थांबवू शकणारी जगात दोनच माणसं होती. एक त्यांचा कंडक्टर हाशम, आणि दुसऱ्या लिलाबाई. दोघांचं हत्यार एकच.

लग्न नवं होतं तेव्हा लिलाबाई नवऱ्याच्याच गाडीनं धरणगावला माहेरी निघाल्या होत्या. वाटेत एका टेम्पोवाल्यानं आधारला रस्ता दिला नाही. आधारनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढून त्याच्या मागच्या पिढ्यांची चौकशी सुरू केली. मागे हाशम तिकिटं फाडत होता. त्यानं मान वर न करता, कंटाळल्यासारखी, डोक्यावरची दोरी एकदा ओढली. ठण. आधारचा पाय आणि जीभ एकाच वेळी थांबली. गाडी उभी राहिली, आधार आरशात बघू लागला, कोण उतरतंय. कुणीच उतरत नव्हतं. तेवढ्यात टेम्पो निघून गेला होता. मग हाशमनं दोरी दोनदा ओढली, ठण ठण, आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू लागली.

लिलाबाई माहेरी काय काय घेऊन गेल्या ते आता आठवत नाही, पण परत येताना ही युक्ती घेऊन आल्या. पहिल्यांदा वरणात मीठ जास्त झाल्याच्या दिवशी वापरली. आधारचा आवाज चढू लागला तसा त्यांनी स्टीलच्या ग्लासवर पळी एकदा आपटली. ठण. आधार वाक्याच्या मधोमध थांबला आणि गाव आल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. तेव्हापासून सविता आणि बुद्धभूषण ही दोन्ही मुलं मोठी होऊन मार्गाला लागेपर्यंत तो संसार त्या एका ग्लासावर चालला. ग्लासाला पोचे पडले, नवरा शाबूत राहिला.

निवृत्त झाल्यावर आधारच्या लघवीतून रक्त गेलं. तपासलं तर मूत्रपिंडात गाठ. मूत्रपिंड काढलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि वर्षभरानं खोकला सुरू झाला. फोटोत छातीत डाग दिसले. गाठ मूळ जागेवरून निघून फुफ्फुसात उतरली होती.

जळगावच्या ज्या हॉस्पिटलात त्यांना पाठवलं, तिथली डॉक्टर नाजमीन ही हाशमची भाची निघाली. कॉलेजात असताना ती धरणगावहून पास काढून याच दोघांच्या गाडीनं येत असे. त्यामुळे आधारला ती डॉक्टर कमी आणि पासवाली पोरगी जास्त वाटायची.

"काका, आता मी जे सांगते ते नीट ऐका," ती म्हणाली. "हे औषध गाठीला मारत नाही."

"मग काय फायदा?"

"ऐका तर. आपल्या रक्तात पहारेकरी असतात, टी पेशी म्हणतात त्यांना. परकं कुणी दिसलं, बिघडलेली पेशी दिसली, की त्यांनी तिला मारायचं. पण नुसतं दिसलं म्हणून त्या निघत नाहीत. शत्रू दिसला ही एक खूण. शिवाय दुसऱ्या पेशीनं 'हो, निघ' म्हणून वेगळी खूण द्यावी लागते. दोन्ही मिळाल्या तरच निघतात."

आधार खुर्चीत सरळ झाले. "डबल बेल!"

नाजमीन हसली. तिनं ती दोरी बरीच वर्षं ऐकली होती. "बरोबर, डबल बेल. एक मिळाली आणि दुसरी नाही, तर ती पेशी डेपोतच पेंगते. आणि निघाल्यावर तिच्या अंगावर थांबवणाऱ्या खुणाही उगवतात. एक डेपोतच, गाडी फार जोरात सुटू नये म्हणून. दुसरी रस्त्यावर, काम झालं की थांबावं म्हणून."

"सिंगल बेल."

"हां. आता तुमची गाठ लबाड आहे. पेशी तिला मारायला जवळ आली की ती हात वर करून सिंगल बेल वाजवते. पेशी थांबते. समोर शत्रू आहे, पण घंटी वाजली म्हणून उभी."

"बिगर तिकीट!" आधार ओरडले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. "बिगर तिकिटाचा प्रवासी दोरी ओढतो म्हणजे काय! हाशम असता तर खाली उतरवला असता."

"तर हे औषध त्या घंटीवर हात ठेवतं. गाठीनं कितीही ओढलं तरी वाजत नाही. दोन औषधं आहेत, एक डेपोतल्या घंटीसाठी, एक रस्त्यावरच्या. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. पहिले चार डोस दोन्ही एकत्र."

बुद्धभूषणच्या पुण्यातल्या कंपनीच्या विम्यात आईवडील होते, म्हणून खर्चाची गोष्ट एवढ्यावर भागली.

पुढे नाजमीन आणखी काही सांगत होती. सिंगल बेल काही गाठीनं बसवलेली नाही, ती आपलीच आहे, आपल्याच भल्यासाठी. पोटात रोज परकं येतं, भाकरी येते, दूध येतं, लाखो जंतू तर कायमचे राहायलाच आहेत. त्यांच्याशी भांडायचं नाही, हे पेशींना त्या घंटीमुळे कळतं. घंटी दाबून धरली की त्या कधी कधी आपल्याच आतड्यावर, यकृतावर तुटून पडतात. "म्हणून संडासला नेहमीपेक्षा जास्त वेळा व्हायला लागलं, तर त्याच दिवशी फोन. आतडं फाटायची वेळ येऊ शकते. कळलं?"

"कळलं," लिलाबाई म्हणाल्या.

आधार तेव्हा बाहेरच्या बाकावरच्या एका माणसाला हातवारे करून डबल बेल समजावत होते.

पहिला डोस झाला त्या दिवशी पिंप्राळ्यातल्या घरी आल्या आल्या आधारनी चप्पल काढायच्या आधी फर्मान काढलं.

"लिला, आते या घरमा सिंगल बेल बंद."

"म्हणजे?"

"डॉक्टरनी काय म्हणे ते आयकं ना? घंटीवर हात ठेवाना. मी बोलाले लागनू का तू ग्लास वाजाडस. मी थांबी जास. मी थांबनू म्हंजे मन्या पेशी बी थांबत्यात. गाठले फायदा."

"ती रक्तातल्या घंटीचं बोलत होती."

"रगत काय दुसरानं शे? मनंच शे ना? चार डोस होवापावत मले कोणी थांबाडानं नही. शब्द दे."

लिलाबाईंना हे पटलं नव्हतं. पण ज्या माणसाच्या छातीत डाग आहेत त्याच्याशी किती घासाघीस करायची? त्यांनी शब्द दिला आणि पोचे पडलेला ग्लास वरच्या फळीवर, दिवाळीच्या डब्यांमागे ठेवून दिला. नाजमीनला एकदा फोन करून विचारावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण काय विचारणार? माझा नवरा भांडला तर त्याचा कॅन्सर बरा होईल का? असलं विचारायला तोंड धजेना.

मग आधारनी भांडणं औषधासारखी घ्यायला सुरुवात केली. सकाळी चहानंतर शेजारचा नवल. त्याची मोटारसायकल फाटकासमोर अर्धा हात जास्त उभी असते, हा विषय त्यांनी चांगला पुरवून वापरला. दुपारी जेवणाआधी टीव्हीवरचा बातम्या देणारा. तो उलट बोलत नसल्यानं त्याचा गुण कमी येतो, असं त्यांचं मत पडलं. संध्याकाळी हाशम.

हाशमभाई हा मूळचाच शांत माणूस. आयुष्यभर दोन सीटांच्या मधून आडवं होत गर्दीत शिरल्यामुळे त्याच्या स्वभावालाही कोपरे उरले नव्हते. पण मित्राचं औषध म्हणून तोही रोज एक विषय घेऊन यायचा.

"आधारभाऊ, अमळनेरला गाडी लेट व्हायची ती तुझ्यामुळे."

"मन्यामुये? तू टपरीवर दोन दोन चहा पिवस, आणि मन्यामुये?"

पाच-दहा मिनिटं दोघं गल्ली ऐकेल असे भांडत. मग हाशम आत डोकावून विचारी, "भाभी, आज का डोस हो गया?"

"झाला. उतरा आता खाली."

यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी झाली, की खोकला कमी झाला. दुसऱ्या डोसानंतर तर आधारना जिना चढून गच्चीवर जाता येऊ लागलं. गच्चीवरून त्यांना आणखी तीन घरं दिसू लागली. त्यांनी या गुणाचं सगळं श्रेय भांडणाच्या खात्यावर जमा केलं. औषधाच्या खात्यावर थोडंसं टाकलं, तेही नाजमीन हाशमची भाची आहे म्हणून. नवलनं वैतागून मोटारसायकल मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली, तर आधार त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "गाडी पुढे लाव," म्हणाले, "माझ्या तब्येतीचा प्रश्न आहे."

आणि मग पोट बिघडलं.

हे लिलाबाईंना लगेच कळलं नाही, कारण आधारनी ते फार हुशारीनं वाटून टाकलं होतं. सकाळचं घरी. नंतर फिरायला जातो म्हणून हाशमच्या घरी. मग वाचनालयात, तिथं ते पूर्वी कधी पेपर वाचायला गेले नव्हते. दुपारी पुन्हा घरी, मोबाईलवर भीमगीतं मोठ्यानं लावून. प्रत्येक ठिकाणी माणूस थोडा वेळ जाऊन आला, एवढंच दिसायचं. सगळी बेरीज कुणाजवळच नव्हती.

बेरीज झाली ती हसीनाबी शेवया द्यायला आली तेव्हा. हसीनाबी म्हणजे हाशमची बायको, तिला गोष्ट पोटात ठेवायची सवय नव्हती.

"भाभी, आधारभाई आमच्याकडे येतात, सलाम न दुवा, सीधे संडासाकडे. काल तर दोनदा आले. तुमच्याकडे पाणी येत नाही का?"

लिलाबाईंनी हातातली शेवयांची पिशवी खाली ठेवली. टाकी दुपारच्या आत का संपते, गेल्या आठवड्यापासून हे आपली धोतरं आपणच का धुतात, ताटात भाकरी अर्धी का राहते, हे सगळं त्यांच्या डोक्यात एका ओळीत येऊन बसलं. त्याच ओळीच्या शेवटी नाजमीनचं वाक्य होतं. आतडं फाटायची वेळ येऊ शकते.

आधार घरी आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"कितला दिवस व्हयनात?"

"काय?"

"हसीनाबी येयेल व्हती."

आधार ओट्यावर बसले. भांडले नाहीत. हेच लिलाबाईंना आवडलं नाही.

"रोग बाहेर पडी ऱ्हायना," ते म्हणाले. पण त्यांचाच आवाज त्या म्हणण्याच्या बाजूनं नव्हता. मग म्हणाले, "लिला, तो साक्रीवाला रुपचंद तुले याद शे?"

रुपचंदला त्या ओळखत होत्या. हॉस्पिटलात त्याचीही तीच सलाईन चालू होती. त्यानं जुलाब होतात असं सांगितलं, आणि डॉक्टरनी त्याच दिवशी त्याचं औषध बंद केलं. कॉरिडॉरमध्ये भिंतीला कपाळ लावून रडत उभा होता तो.

"मी सांगं, तर मनं बी बंद करतीन. सोमवारले तिसरा डोस शे. मन्हा खोकला थांबेल शे, लिला. डाग बारीक होई ऱ्हायना व्हई. आते घंटी सोडी दिधी, तर तो पुन्हा दोरी ओढीन." ते थांबले. कुणी ग्लास वाजवला नव्हता तरी थांबले. "तू शब्द देयेल शे."

लिलाबाई आत गेल्या. सांगावं तर औषध बंद, आणि छातीतला लबाड मोकळा. न सांगावं तर आतडं. एका बाजूला एक मरण, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मध्ये त्यांचा शब्द. त्यांनी शेवया उकळत ठेवल्या आणि त्या लगदा होईस्तोवर ढवळत राहिल्या. सोमवारी डॉक्टरपुढे बघू, असं स्वतःला सांगितलं. मध्ये रविवार होता. रविवारी धुळ्याला सवितानं नव्या घरात बुद्धवंदना आणि जेवण ठेवलं होतं.

आधारनी धुळ्याला जायचं ते आपल्याच जुन्या रस्त्यानं, धरणगाव-अमळनेरवरून, असा हट्ट धरला. हायवेनं लवकर पोचता येतं, हे त्यांना मान्य नव्हतं. ड्रायव्हरच्या मागची सीट पकडली. जळगावच्या बाहेर पडेपर्यंत त्यांनी ड्रायव्हरला क्लच केव्हा दाबावा, हॉर्न कुठं वाचवावा आणि वळणावर अंग कसं ठेवावं हे शिकवून झालं. ड्रायव्हर तरुण होता, तो निमूट गाडी हाकत होता. कंडक्टर पोरगी होती, ज्योती असं तिच्या पट्टीवर लिहिलं होतं. तिनं तिकीट देताना लिलाबाईंना हळूच विचारलं, "बाबा डिपार्टमेंटचे का?"

"कशावरून?"

"डिपार्टमेंटचेच एवढं बोलतात."

धरणगाव गेलं. कपाशीचं रान सुरू झालं, मधून मधून बाभळी. पुढे एका ट्रकला ड्रायव्हरनं डावीकडून मागं टाकलं. अगदी चुकीचं, लिलाबाईंनाही कळावं इतकं चुकीचं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि आधारच्या तोफेची वाट पाहिली.

तोफ सुटली नाही.

त्यांनी डोळे उघडले. आधार पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. गुडघे पोटाशी ओढलेले. डावीकडून ओव्हरटेक झाला आणि आधार बिऱ्हाडे गप्प बसला, असं त्यांच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

"काय होतंय?"

"काही नही. अमळनेर येवा दे."

"अमळनेर लांब आहे."

"इथं थांबा नही." दात आवळून ते म्हणाले. "नियम शे."

लिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बापाला उन्हात उभं ठेवून पुढं गेलेली गाडी त्यांना आठवली. मग त्यांनी वर पाहिलं. छताला दोरी होती, तशीच, कळकट, तेलकट. शब्द दिलेला होता खरा. पण तो ज्याला दिला तो माणूस राहिला, तर त्या शब्दाला काही किंमत.

त्या उठल्या, सीटच्या पाठीला धरून टाचा उंचावल्या, आणि दोरी एकदा ओढली.

ठण.

गाडी थांबली. मागून ज्योती ओरडली, "कोणी वाजवली? इथं स्टॉप नाहीये!"

"मी वाजवली. दार उघड, पोरी."

आधार उतरले. कसे उतरले ते त्यांनाच माहीत. बाभळीच्या आड गेले. गाडीतली माणसं सभ्यपणानं दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून कपाशी बघू लागली. लिलाबाई पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आधार आले. ते लिलाबाईंकडे बघत नव्हते.

"लिला," ते म्हणाले. "रगत शे."

आणि मग, तीस वर्षांत पहिल्यांदा, विचारल्यासारखं म्हणाले, "आते काय करानं?"

"परत जायचं."

लिलाबाईंनी ज्योतीला सांगितलं, आम्ही इथंच उतरतो. ज्योतीनं एकदा आधारकडे पाहिलं, एकदा लिलाबाईंकडे, आणि जळगावकडे जाणारी एक जीप हात करून थांबवून दिली. मगच स्वतःच्या गाडीला डबल बेल दिली. सविताला फोन केला तेव्हा मागे वंदना सुरू झालेली ऐकू येत होती.

"काका, मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?" नाजमीननं विचारलं. हॉस्पिटलात सलाईन लावून झाली होती.

"डबल बेल."

"आणि पुढचं?"

"पुढचं मी त्या बाकावरच्याला समजावत होतो."

"पुढचं मी ऐकलं होतं," लिलाबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, मी बोलले नाही."

"तिची नाही," आधार म्हणाले. या वेळी ते पूर्ण सांगायला बसले. किती दिवस झाले, कुठं कुठं गेले, हाशमचा संडास, वाचनालय, भीमगीतं. नाजमीन लिहून घेत होती. फर्मानाशी आल्यावर तिचं पेन थांबलं.

"म्हणजे घरात ग्लास वाजवायचाच नाही? आणि रोज भांडायचं?"

"औषधाला जोर यावा म्हणून."

नाजमीननं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बराच वेळ काहीतरी पाहिलं. खिडकीबाहेर नुसती पाण्याची टाकी होती. तिचे खांदे हलत होते. वळली तेव्हा चेहरा पुन्हा डॉक्टरचा केला होता. "काका, तुमच्या भांडणाचा पेशींशी काही संबंध नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग खोकला कसा गेला?"

"औषधानं."

आधार फार हिरमुसले. रक्त जाताना जेवढे नव्हते तेवढे. एवढं भांडलेलं सगळं फुकट गेलं, हे पचवायला त्यांना दुपार लागली. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "आणि डोस?"

"बंद. आता स्टेरॉइड देतेय. पेशी चवताळून तुमच्या आतड्यावर बसल्या आहेत, त्यांना थांबवायचं म्हणजे मीच सिंगल बेल वाजवतेय असं समजा. आणखी दोन दिवस लपवलं असतं, तर ऑपरेशनवर गेलं असतं, आणि तेही वेळेत झालं असतं की नाही माहीत नाही."

"आणि तो लबाड? छातीतला?"

नाजमीन खोटं बोलणारी नव्हती. "सुटलेली गाडी कधी कधी आम्ही हात काढला तरी चालत राहते. पेशींनी एकदा शत्रू नीट ओळखला की त्या तो विसरत नाहीत. सगळ्यांचं तसं होतंच असं नाही. फोटो काढल्यावर कळेल. तोवर मला माहीत नाही, काका, आणि मी माहीत आहे असं म्हणणार नाही."

वॉर्डात रुपचंद भेटला. तपासणीला आला होता. स्टेरॉइडनं त्याचे गाल असे सुजले होते, की आधारनी आधी ओळखलंच नाही.

"तुमचं बी बंद झालं का, दादा?" तो म्हणाला. "मी तं रडलो व्हतो. आता डाग तितलाच शे, वाढना नही. भूक मात्र अशी लागते का बायको परात लपवून ठेवते."

त्या भेटीनं आधारना दिवसभर बरं वाटलं.

पुढचे आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत गेले. फोटो काढला तेव्हा लिलाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि काहीच मोजत नव्हत्या, फक्त समोरच्या फरशीकडे बघत होत्या. नाजमीन स्वतः बाहेर आली. मोठा डाग निम्म्यावर आला होता, बारीक होता तो दिसतच नव्हता. "गाडी चालू आहे," ती म्हणाली. "कुठपर्यंत जाते ते दर तीन महिन्यांनी बघू." लिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आधार हाशमला फोनवर सांगत होते, आणि हाशम तिकडे नुसताच "अरे वा, अरे वा" म्हणत होता.

आता या गोळ्यांची एक गंमत नाजमीननं आधीच सांगून ठेवली होती. पेशी शांत होतात, पण माणूस चिडका होतो. आधारच्या बाबतीत हा फरक ओळखायचा कसा, असा प्रश्न हसीनाबीनं विचारला होता.

त्या संध्याकाळी लिलाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. पोचे पडलेला ग्लास वरच्या फळीवरून खाली आला होता, पाणी भरून शेजारी ठेवलेला. हाशम खुर्चीत. नवलनं फाटकासमोर मोटारसायकल लावली, अर्धा हात जास्त. आधार उठले.

"ए नवल! कितलं वेळा सांगं तुले? रस्ता तुन्हा आजानी बांधा का? गेल्या महिन्यात बी..."

आवाज चढला. गच्चीवरचं कबुतर उडालं. नवल कमरेवर हात ठेवून ऐकत उभा राहिला, त्यालाही चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं. आधारनी मोटारसायकलीवरून नगरपालिकेवर झेप घेतली, तिथून नव्या ड्रायव्हरांच्या डावीकडून ओव्हरटेक करण्यावर आले. मग त्यांना बोलायला काही उरेना. तरी ते बोलत होते. एक नजर मागे ओट्याकडे टाकत होते.

लिलाबाई एक एक पान निवडत होत्या. फार कोवळी मेथी होती.

आधारनी दुसऱ्यांदा मागे पाहिलं. आवाज ओढून ताणून चालू ठेवला होता, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडणाऱ्या गाडीसारखा. हाशमनं हसू लपवायला कप तोंडाशी नेला. कपात चहा नव्हता.

शेवटी आधार वळलेच.

"वाजाड ना वं!" ते ओरडले. "कितली वाट बघाडस!"

लिलाबाईंनी मेथीची जुडी संपवली. देठं सुपात टाकली, हात झटकले. मग पळी घेतली आणि, घाई नाही अशा बेतानं, ग्लासवर एकदा आपटली.